सरांच्या होकायंत्राचं लाल टोक

सर उजवं-डावं कधी म्हणत नसत. त्यांच्या तोंडी फक्त दिशा. चहा घेऊन गेलं की म्हणत, "पूर्वेकडे ठेवा, पश्चिमेकडे वह्या आहेत." एकदा मी पोळ्या लाटता लाटता उठून त्यांना दार उघडलं, तर माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमच्या वायव्येच्या गालाले पीठ लागलं." मी दोन्ही गाल पुसले. वायव्य कोणती ते मला माहीत नव्हतं, आणि विचारायला जीभ उचलली नाही.

ते आमचे घरमालक. सौंसरला शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले. बायको वारलेली, मुलगी नागपूरला. पुढचं घर आणि ओटा त्यांचा, मागच्या दोन खोल्या आमच्याकडे भाड्यानं. एकीत मी आणि आमचे हे, दुसरीत दीर आणि माझी लहानी जाऊ. यांचं स्टँडजवळ पंखे आणि भोंगे दुरुस्त करायचं दुकान, दीर बोरगावला कंपनीत जातात. सरांना चार वाजताचा चहा मी द्यायची. तसं ठरलेलं काही नव्हतं. त्यांची बायको गेली त्या आठवड्यात एकदा नेऊन दिला आणि मग ते चालूच राहिलं.

भाडेकरूंना सर खोलीच्या दिशेनं ओळखत. आमच्या आधी त्या खोलीत एक कंपाउंडर राहायचा, तोही दक्षिणेकडचा आणि आमचे हेही दक्षिणेकडचे. मी दक्षिणेकडच्या बाई. पाच वर्षांत त्यांनी माझं नाव विचारलं नाही. लहानीला मात्र ती आल्या दिवसापासून "बेटा" म्हणायचे.

मला तिचा हेवा वाटायचा. ही वही कोणी वाचणार नाही म्हणून सरळ लिहिते. तिच्या साड्यांचा नाही, शाळेत मास्तरीण झाली त्याचाही नाही. सर तिला प्रश्न विचारत, त्याचा.

ओट्यावर त्यांनी ऑइलपेंटनं दोन रेघा मारल्या होत्या, एक पांढरी, एक लाल. दोन्ही इतक्या जवळ की लांबून एकच दिसायची. पांढरी पृथ्वीच्या ध्रुवाकडे जाते, लाल चुंबकाच्या ध्रुवाकडे. हे दोन ध्रुव वेगळे आहेत, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, दूधवाल्यालासुद्धा. आणि मग हळहळत. जगात अशी गावं आहेत म्हणे, जिथं या दोन रेघांमधून बैलगाडी जाईल. आपल्या भागात फरक केसाएवढा. "चुंबकाचा अभ्यास करणाऱ्या माणसानं जन्माले येऊ नये अशी जागा आहे ही," ते म्हणायचे. संत्र्याला चांगली आहे, असं दूधवाला म्हणाला तर त्याच्याशी आठ दिवस बोलले नाहीत.

ध्रुव तीन, असं त्यांचं म्हणणं. पृथ्वी ज्या आसावर फिरते तो आस जिथून बाहेर निघेल तो पहिला, हा घरातला माणूस, जागा सोडत नाही. तोच आस आभाळापर्यंत लांबवला तर जिथं टेकेल तो दुसरा, हा देवळातला, मान वर करूनच पाहायचा. आणि तिसरा चुंबकाचा, तो फिरस्ता. दरवर्षी मुक्काम हलवतो. तिघांत त्यांचा जीव फिरस्त्यावर होता.

झोपायचे ते उत्तरेला डोकं करून. आमच्याकडे तसं फक्त मेलेल्या माणसाला ठेवतात. त्यांची बायको चाळीस वर्षं त्याच पलंगावर उलट्या बाजूला उशी घेऊन झोपली म्हणे. कोणी काही बोललं तर सर खिशातून होकायंत्र काढत. पितळेची झाकणाची डबी, आत सुई, सुईचं एक टोक लाल. "ही रोज उत्तरेले डोकं करून झोपते," ते म्हणत. "मेली काय?"

लहानीचं लग्न पांढुर्ण्याला होतं, तिच्या माहेरी. गोरज मुहूर्त टळून सात वाजले होते. भटजींनी नवरा-नवरीला ध्रुव दाखवायचा म्हणून शामियान्याच्या कापडाकडे बोट केलं आणि म्हणाले, दिसला म्हणा. आम्ही सगळे हे असंच पाहत आलो. माझं लग्न तर दुपारी बाराचं होतं. मलाही भटजींनी म्हटलं होतं, ध्रुव दिसला म्हणा, आणि मी खाली मान घालून दिसला म्हटलं होतं. मंडपावर ऊन रणरणत होतं.

पण इथं सर वऱ्हाडात बसलेले. ते उठले आणि म्हणाले, कापडात ध्रुव नाही. भटजी म्हणाले, शास्त्रापुरतं आहे. सर म्हणाले, मग शास्त्रापुरतंच जेवाल काय? लोक हसले. सरांनी दोघांना शेल्याच्या गाठीसकट मंडपाबाहेर रस्त्यावर नेलं, सप्तर्षीच्या पुढच्या दोन ताऱ्यांवरून बोट सरळ खाली आणलं आणि एक फिकट तारा दाखवला. मीही मागून मान लांब केली, पण माझ्यापुढे बँडवाल्यांचा झुंबराचा दिवा होता.

नवरीनं खाली पाहायला पाहिजे होतं. लहानी वर पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, हा खरंच हालत नाही काय?"

सरांचा चेहरा मी त्या दिव्यात पाहिला. पाच वर्षं चहा देऊन मला तसा चेहरा कधी दिसला नव्हता. ते तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "थोडासा हालतो. कोणाले सांगू नको बेटा, लग्नं मोडतील."

लहानी घरात आली आणि तिसऱ्या दिवशीपासून ओट्यावर शाळा सुरू झाली. चार वाजता ती तिच्या शाळेतून यायची, पर्स खुंटीला लावून ओट्यावर बसायची. मी चहा दोन कप करायला लागले. एक सरांचा, एक तिचा. कप ठेवून मी दारात उभी राहायची, रिकामे कप न्यायचे असतात म्हणून.

हिवाळ्यात माझ्या भावानं रामाकोन्याहून संत्री पाठवली. सरांनी त्यातलं एक घेतलं, स्वेटरची सुई डेठातून घालून बुडातून काढली आणि फिरवून दाखवलं. डेठाकडे उत्तर ध्रुव, बुडाकडे दक्षिण. उत्तर ध्रुवावर उभं राहिलं तर चारही बाजूंना दक्षिणच असते, तिथं सगळेच दक्षिणेकडचे भाडेकरू, असं म्हणून ते माझ्याकडे पाहून हसले. मला वाटलं आता काही विचारतील. त्यांनी संत्रं मधोमध आडवं कापलं, उत्तरेचा अर्धा भाग लहानीला दिला, दक्षिणेचा स्वतः खाल्ला. सालं मी नेली. संत्रं माझ्या माहेरचं होतं.

त्याच दिवशी त्यांनी तिला तो प्रश्न घातला. होकायंत्राची सुई म्हणजे बारीक चुंबक. तिचं लाल टोक चुंबकाचा उत्तर ध्रुव. हे टोक पृथ्वीच्या उत्तरेकडे ओढलं जातं. तर मग पृथ्वीच्या उत्तरेला चुंबकाचा कोणता ध्रुव बसला आहे?

लहानी म्हणाली, उत्तरच.

मला माहीत होतं. मी चौथीपर्यंत शिकले, आमच्याकडे तेव्हा मुली तेवढंच शिकत. पण यांच्या दुकानातून फाटक्या भोंग्यांचे काळे चुंबक घरी येतात. दुपारी काम नसलं की मी ते घेऊन बसायची. दोन चुंबकांची एक बाजू जवळ आणली तर जीव गेला तरी चिकटत नाहीत, मधे हवेची गादी असल्यासारखे सटकतात. एक उलटा केला की बोट चेमटून चिकटतात. सारखं सारख्याला ढकलतं. म्हणजे लाल टोक जिकडे ओढलं जातं, तिकडे त्याच्यासारखं बसलेलं असूच शकत नाही. उत्तरेला दक्षिण बसली आहे. एवढं साधं.

मी दारात उभी होते. तोंड उघडलं असतं तर झालं असतं. पण सर माझ्याकडे पाहतच नव्हते, आणि कोणी पाहिल्याशिवाय मला बोलता येत नाही. सर म्हणाले, उद्या सांग. रात्री लहानीनं मोबाइलवर पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता घडाघडा सांगितलं. सर म्हणाले, "शाब्बास बेटा." माझ्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडला.

त्यानंतर त्यांनी होकायंत्र तिला आठ दिवसांसाठी दिलं, शाळेतल्या मुलांना दाखवायला. ते स्वतःच्या मुलीलाही हात लावू देत नसत. लहानीनं ते आणून तिच्या खोलीतल्या फळीवर ठेवलं आणि मला म्हणाली, "ताई, जरा लक्ष ठेवा, सरांचा जीव आहे याच्यात."

ती शाळेत गेल्यावर मी आमच्या खोलीतून सगळ्यात मोठा चुंबक आणला. ताटलीएवढी काळी चकती. डबी उघडी असताना तो जवळ नेला की सुई गरकन फिरून त्याच्याकडे तोंड करायची. पण झाकण लावलं की आतला खिळा सुईला दाबून धरतो, मग तिला फिरता येत नाही. मी झाकण लावून डबी चुंबकावर टेकवून ठेवली, कोणाला दिसू नये म्हणून पुढे पिठाचा डबा सरकवला. दोन दिवस. लहानी ते शनिवारी शाळेत नेणार होती, तोवर कोणी हात लावत नव्हतं. काय होईल ते मला नक्की माहीत नव्हतं. काहीतरी बिघडावं आणि ते तिच्या हाती बिघडलं असं व्हावं, सर तिच्यावर एकदा रागवावेत, एवढंच मनात होतं.

तिसऱ्या दिवशी चुंबक काढून झाकण उघडलं. सुई डुलली, थांबली, आणि लाल टोक दक्षिणेला. डबी फिरवली, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेली, पुन्हा दक्षिणेला. मी घाईनं झाकण लावलं. खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

आता रागवण्याची वेळ येईल म्हणून मी वाट पाहत होते, तर त्याच आठवड्यात शेजाऱ्यांनी घराचा पाया काढला. आमच्या भागात चुन्यानं रेघा टाकायच्या दिवशी सरांना बोलवत. मोबाइल दर वेळी वेगळंच दाखवतो, सरांची सुई मिस्त्रीलाही पटायची. सर धुतलेला शर्ट घालून गेले, लहानी डबी घेऊन मागे, आणि आम्ही शेजारच्या बायका नारळ फोडायच्या ठिकाणी उभ्या.

सरांनी मधोमध पाट ठेवून डबी उघडली आणि पाहिलं. मग पाट उचलून पायाच्या लोखंडी सळाखींपासून लांब नेला. पुन्हा पाहिलं. मग आणखी लांब, थेट रस्त्याच्या कडेला. उत्तर कुठं आहे ते तिथल्या लेकरालाही ठाऊक होतं, सकाळचा सूर्य समोर होता. मिस्त्री चुन्याचं घमेलं धरून त्यांच्या मागे मागे फिरत होता. शेवटी तो म्हणाला, "सर, सूर्य तर तिकडून निघाला. आता वापस पाठवू काय त्याले?"

सगळे हसले. चांगले लोक, कोणी वाईट मनानं हसलं नाही. पण सर डबी पुन्हा पुन्हा फिरवून पाहत होते. लहानी म्हणाली, सर, माझ्याकडून तर नाही ना काही झालं?

मी पदर तोंडाला लावून वाट पाहत होते. आता रागवतील.

सर म्हणाले, "नाही बेटा. माझंच काही चुकून राहिलं. वय झालं." आणि डबी बंद करून घरी निघाले. मिस्त्रीनं डोळ्यांच्या अंदाजानं रेघा टाकल्या.

त्या दिवशी चार वाजता ओट्यावर कोणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लहानी दोनदा दार वाजवून आली, त्यांनी डोकं दुखतं म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन आत गेले. ते खिडकीकडे पाठ करून बसले होते. मी कप कुठं ठेवू म्हणून उभी राहिले.

"डाव्या हाताले ठेवा," ते म्हणाले.

मी कप ठेवला. घरी आले, भाजी चिरायला बसले आणि चिरता येईना. लहानीला बोलणी बसावी म्हणून मी केलं होतं, आणि या माणसानं स्वतःच्या दिशाच सोडून दिल्या. रात्रभर तोच एक शब्द, डाव्या.

सकाळी लहानी शाळेत आणि हे दुकानात गेल्यावर मी चुंबक पदराखाली घेऊन गेले. चहाची वेळ नव्हती म्हणून ते दचकले. मी भिंतीकडे पाहून म्हटलं, "सर, सुई मी उलटवली."

 मी चुंबक टेबलावर ठेवला. जड आहे, ठक्कन वाजला. त्यांनी चष्मा लावला.

"किती दिवस ठेवलं होतं?"

"दोन."

"कोणत्या बाजूनं?"

मला बाजूचं नाव येईना. मी हातानं दाखवलं.

"सुई फिरली नाही? तोंड वळवलं असतं तिनं."

"झाकण लावलं होतं," मी म्हटलं. "झाकण लावलं की दबते ती."

सर चुंबकाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. का केलं ते त्यांनी विचारलं नाही. मी उत्तर तयार करून गेले होते, रडायचीही तयारी होती. त्यांनी डबी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "आता सरळ कशी कराल?"

सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी विचार केला. मग चुंबकाची दुसरी बाजू वर केली, डबीचं झाकण लावलं आणि तशीच टेकवून ठेवली. सर म्हणाले, थांबू. आम्ही थांबलो. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. सरांनी मला बसा म्हटलं, मी जमिनीवर बसायला लागले, तर त्यांनी खुर्चीकडे बोट केलं.

बऱ्याच वेळानं झाकण उघडलं. सुई डुलली आणि लाल टोक उत्तरेला जाऊन थांबलं.

"मग उत्तरेले कोणता ध्रुव बसला आहे?" सर म्हणाले.

"दक्षिण," मी म्हटलं. "नाही तर लाल टोक तिकडून ढकललं गेलं असतं."

त्यांनी मान हलवली. शाब्बास म्हणाले नाहीत. म्हणतील म्हणून मी आदल्या दिवशीचा कप विसळेपर्यंत तिथं रेंगाळले.

चार वाजता ओटा पुन्हा भरला. सर म्हणाले, "चहा ईशान्येकडे ठेवा," आणि मी बरोबर ईशान्येकडे ठेवला. लहानीनं विचारलं, सुई कशी सुधारली? सर म्हणाले, सुधारली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही. मी त्यांचे उपकार मानायला पाहिजे. मानतेच. पण लहानी त्यांच्याजवळ ओट्यावर आणि मी दारात, हे काही बदललं नाही. फक्त कधीकधी तिला प्रश्न घालून ते क्षणभर दाराकडे पाहायचे. मला येत असलं तर मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. त्यांना कळायचं. तेवढंच आमचं बोलणं.

मागच्या वर्षी गुडघे गेले तेव्हा मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. तिथं फ्लॅट आहे, लोखंडी पलंग आहे, सुई नीट राहणार नाही म्हणून होकायंत्र नेणार नाही म्हणाले. गाडी दारात उभी होती, गल्ली जमली होती. त्यांनी डबी काढली आणि लहानीच्या हातात दिली.

वाटलं होतंच. ती शाळेत शिकवते, मी कोणाला शिकवणार? तरी अंगाची आग झाली. मी त्यांची पिशवी गाडीत ठेवायला म्हणून वाकले, म्हणजे तोंड दिसणार नाही.

तेव्हा सर सगळ्यांपुढे लहानीला म्हणाले, "बेटा, सुई परत कधी उलटली तर यांना विचारजो. सरळ कशी करायची, ते यांनाच येते."

गल्लीनं माझ्याकडे पाहिलं. लहानी म्हणाली, ताईले? मी पिशवी नीट करत राहिले. गाडी गेल्यावरही ती माझ्याकडे पाहतच होती, आणि त्या पाहण्यात काय आहे ते मला ओळखू आलं. ती घरात आल्यापासून ते माझ्याजवळ होतं.

आता लहानी होकायंत्र रोज शाळेत नेते, पर्समध्ये टाकून. दिवाळीनंतर एकदा ती हिरमुसून आली. म्हणाली, "ताई, सुई परत उलटी दाखवून राहिली. पाहून देता काय?" मी म्हटलं, ठेव तिथं, भाकरी झाल्या की पाहते. भाकरी झाल्यावर भांडीही घासली, मग पाहिलं. ती तेवढा वेळ समोर बसून होती. संक्रांतीला पुन्हा तसंच झालं. परवा तिसऱ्यांदा. दर वेळी मी झाकण लावते, चुंबकाची बाजू पाहून ठेवते, आणि ती माझ्या हातांकडे पाहत विचारते की असं काहून होते, ताई? मी म्हणते, होते असं कधीकधी.

तिच्या पर्सचं बटन चुंबकाचं आहे, ते मी तिला अजून सांगितलं नाही.